फागीबाईचं दार

वीज कंपनीत काम करणाऱ्या माणसाला नोकरीतलं काय आवडतं, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. लाईट कधी येणार, एवढंच विचारायचे. उमेश वारघडेला तर हळद लागत असताना, अंगभर पिवळं फासलेलं असताना, खुद्द सासऱ्यांनी विचारलं होतं. तेव्हापासून त्याची खात्री झाली होती, की आपली आवड ही वस्तू कोणाच्या कामाची नाही. मग त्यानेही ती फारशी जपून ठेवली नाही.

त्यामुळे दीपगंगा वीज कंपनीच्या मुंबईच्या मुख्यालयातून जेव्हा हुकूम सुटला, की प्रत्येक कर्मचाऱ्याने नोकरीतल्या तीन आवडत्या आणि तीन नावडत्या गोष्टी मनमोकळेपणाने सांगाव्यात, आणि मनमोकळेपणा सक्तीचा आहे, तेव्हा मोखाड्याच्या सबस्टेशनात बराच वेळ कोणी बोललंच नाही. फक्त ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

हे सबस्टेशन गावाबाहेर, पोशेऱ्याच्या रस्त्याला, एका उघड्या माळावर आहे. उमेश तिथला ऑपरेटर. म्हणजे कोणत्या गावाची लाईन चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, ही बटणं त्याच्या हाताखाली. ऐकायला हे राजाचं काम वाटतं. प्रत्यक्षात राजाला फोन नसतो.

सगळ्यात आधी बोलला तो वायरमन भिका. खांबावर चढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे जगाकडे तो जरा वरूनच बघायचा.

“आवडीचं सांगतो,” भिका म्हणाला. “बोहाड्याला सोंगं नाचतात ना रात्रभर, तवा मना पुढं बसवतात. का? तर दिवा गेला तर भिका जवळ पाहिजे. अख्ख्या गावात मी आन् गणपतीचा सोंग, दोघांनाच मान.”

“आणि नावड?” उमेशने विचारलं.

“सासरवाडीला लाईट गेली का मना जेवाया वाढत नाय. सासू म्हणते, आधी उजेड कर, मंग भाकर. आता तिकडच्या लाईनचा फिडर आपला हाय का? जव्हारचा हाय. पन सासूला फिडर कोण समजावणार!”

“हे लिहायचं?”

“लिहा. मनमोकळा सांगाया सांगितलाय.”

खरं तर उमेशच्या मनात एकच नावड होती आणि ती तिथून बारा-पंधरा पावलांवर, भिंतीपलीकडे होती. सबस्टेशनच्या संडासाला दार नव्हतं. म्हणजे कधीकाळी होतं. एका वादळात ते गेलं. पत्रे गेले ते परत आले, कारण पत्रे कंपनीचे म्हणून लोकांनी ओळखले. दाराला कोणी ओळख दाखवली नाही. तेव्हापासून तिथे एक जुना फ्लेक्स लटकत होता. ‘आपल्या सेवेस सदैव तत्पर’ असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली हात जोडून हसणारा एक माणूस. माळावरचा वारा जोरात सुटला, की तो माणूस हात जोडूनच बाजूला व्हायचा.

पुरुष मंडळींनी यावर उपाय काढला होता. आत गेलेल्याने मोठ्याने गायचं. भिका आत असला की माळावर भक्तिभाव पसरायचा.

पण पावसाळ्याआधी चंदना आली. नवी ऑपरेटर, पोशेऱ्याचीच मुलगी, शिकलेली, कामाला चोख. सुरुवातीला तिची ड्युटी उमेशसोबतच. पहिले दोन-तीन दिवस उमेशला काही कळलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की ही पोरगी पाणी पीत नाही. बाहेर ऊन रणरणतंय, केबिनमधला पंखा गरम हवा ढवळतोय, आणि पाण्याची बाटली सकाळी जशी भरलेली तशीच संध्याकाळी भरलेली. त्याने एकदा विचारलंही, “बाई, उपास आहे का?”

“नाही दादा,” ती म्हणाली. आणि फ्लेक्सवरच्या हात जोडलेल्या माणसाकडे बघून खाली मान घातली.

उमेशला त्या दिवशी इतकी लाज वाटली, की तो स्वतः आत गेला तेव्हा गायला विसरला.

तर नावड म्हणून दारच सांगायचं, हे त्याने ठरवलं. दार मिळालं पाहिजे. बाकी आवडीनिवडी कंपनीने ठेवून घ्याव्यात.

उमेशचं घर जव्हारला. तिथे घरात काही ठरवलं की ते गल्लीत ठरतं. बायको रंजना म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. तिने वह्या तपासता तपासताच निकाल दिला.

“साहेब लोक नावड विचारतात ते कोण कुरकुरतं हे बघायला. तू दार मागशील, ते तुला गडचिरोली दाखवतील. तिथे दार असेल, पण मी नसेन.”

शेजारचे नूरमोहम्मद चाचा कुंपणापलीकडून ऐकत होते. त्यांचं लोखंडी दरवाजे, खिडक्या, ग्रिल बनवायचं दुकान. जव्हारात निम्म्या घरांना त्यांनी आत कोंडलंय, असं ते अभिमानाने सांगत.

“उमेशभाऊ, सुनो,” चाचा म्हणाले. “बड्या माणसाकडे छोटी चीज मागायची नाही. त्यांना देता येत नाही, मग राग येतो. तू लिफ्ट माग.”

“चाचा, सबस्टेशन बैठं आहे.”

“तोच तर मुद्दा आहे. लिफ्ट नाही म्हणतील, मग शरम वाटून दरवाजा देतील.”

चाचांची बायको शबानाभाभी आतून म्हणाली, “त्यांचं ऐकू नका भाऊ. आमच्या मोरीला अजून पडदाच आहे.”

चाचा एकदम ग्रिलला रंग द्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअर इंजिनिअर मुदस्सर शेख सबस्टेशनात आले. वयाने लहान, पदाने मोठे, आणि या दोन्ही गोष्टींनी सतत घाबरलेले. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, “नावड सांगायला हरकत नाही. पण नावड सकारात्मक असावी.”

“म्हणजे कशी साहेब?” भिकाने विचारलं.

“उदाहरणार्थ, ‘सुट्ट्या फार मिळतात, त्यामुळे सेवेत खंड पडतो.’”

भिका इतका गंभीर झाला, की त्याने तंबाखू परत डबीत टाकली.

“साहेब, माझी नावड दार आहे,” उमेश म्हणाला.

मुदस्सर साहेबांनी कपाळ चोळलं. दाराचा विषय त्यांना नवा नव्हता. ते रुजू झाल्यापासून त्याचा पाठपुरावा करत होते, आणि त्या पाठपुराव्यातच त्यांचे पुढचे केस विरळ झाले होते. अडचण साधी होती. इमारतीचं काम पाहणारा विभाग म्हणे, दार हलतं, त्यामुळे ती इमारत नाही, ते फर्निचर. फर्निचरवाले म्हणत, भिंतीला ठोकलेली वस्तू आमच्याकडे येत नाही. मग कोणीतरी सुचवलं की दाराने माणसाचं संरक्षण होतं, तर सुरक्षा विभागाकडे जा. सुरक्षा विभागाने चौकशी करून कळवलं, की त्या ठिकाणी आजवर विजेचा अपघात झालेला नाही, अभिनंदन.

“वारघडे, त्या दिवशी दाराचं नाव काढू नका,” साहेब अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. “आवडीनिवडी ऐकायला मनुष्यबळ विभागाच्या वर्षा मॅडम स्वतः येणार आहेत. मुंबईहून. आपलंच सबस्टेशन निवडलंय.”

“किती वेळ थांबणार?”

“जेवून, संध्याकाळपर्यंत.”

हे बोलताना साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मुंबईहून निघालेली बाई, कसारा घाट, मग खोडाळ्याचा रस्ता. त्या रस्त्याने आलेल्या माणसाला सबस्टेशनात पोचल्यावर पहिली गरज कशाची लागते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी एकाच वेळी भिंतीपलीकडे पाहिलं. फ्लेक्सवरचा माणूस हात जोडून डोलत होता.

“वारघडे,” साहेब पुटपुटले, “दार पाहिजे.”

तर असं झालं. चंदनाला दार मिळावं म्हणून जी कंपनी महिनोन्‌महिने विचार करत होती, तिला मॅडमच्या एका दुपारसाठी ते तातडीने हवं झालं. उमेशला याचा राग यायला हवा होता. पण राग आणि दार यांत त्याने दार निवडलं.

नूरमोहम्मद चाचांच्या दुकानात एक दार तयार उभं होतं. निळ्या रंगाचं, जाड पत्र्याचं, वर मोराची नक्षी. खोडाळ्याच्या फागीबाईने घरकुलाच्या न्हाणीसाठी करून घेतलेलं. बाजारच्या दिवशी ते तिला पोचवायचं होतं.

“उधार देतो,” चाचा म्हणाले. “सुबह लावू, मॅडम गेल्या की काढू, पिकअपमधून खोडाळ्याला नेऊ. रस्त्यातच आहे. फागीबाईला पताही नाही लगेगा.”

ठरल्या दिवशी पिकअप सबस्टेशनात शिरली तेव्हा मागे दाराशेजारी, दाराला धरून, फागीबाई बसलेली होती. सत्तरीची, काटक, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. दार जव्हारहून निघणार हे तिला कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती पहाटेच्या एसटीने जव्हारला जाऊन दारासोबतच परत आली होती.

“माझा दार हाय,” ती खाली उतरत म्हणाली. “जाईल तिथं मी जाईन. तुमचा साहेब येवो नायतर मंत्री येवो.”

मुदस्सर साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली, दारासमोर.

चाचांनी वेल्डिंगचं मशीन जोडलं. खालची बिजागरी चौकटीला चिकटली. ठिणग्या उडाल्या, फागीबाई पुढे सरकून म्हणाली, “माझा मोर जाळू नको.” चाचांनी वरच्या बिजागरीला हात घातला, आणि लाईट गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सबस्टेशनात लाईट जाते का? जाते. अख्ख्या तालुक्याला वीज वाटणाऱ्या सबस्टेशनचा स्वतःचा पंखा-दिवा पोशेऱ्याच्या फिडरवर होता. पोशेऱ्याचं जे होईल ते त्यांचं होईल. ज्याने हे जोडलं तो समतेचा मोठा पुरस्कर्ता असणार.

पोशेऱ्याच्या वाटेवर ऐनाच्या झाडाची फांदी तारेवर आली होती. भिका एका हेल्परसोबत शिडी घेऊन निघाला. निघताना त्याने उमेशकडून परमिट घेतलं. या खात्यात लाईनवर काम करायचं तर आधी ऑपरेटरकडून लाईन मागून घेतात. ऑपरेटर ती बंद करतो, बटणाला लाल पाटी अडकवतो, आणि मग त्या लाईनचा मालक तो वायरमन. काम झालं की त्यानेच ती परत द्यायची. त्याच्या बदली साहेब देऊ शकत नाही, बायको देऊ शकत नाही, देव देऊ शकत नाही. भिका सांगेल तेव्हाच, भिकाच्या तोंडून.

“उमेशदादा, पोशेरा घेतला मी,” भिका म्हणाला.

“दिला,” उमेश म्हणाला.

चाचांनी वरची बिजागरी तारेने बांधून टाकली. “बस, शाम तक चलेगा,” म्हणाले. दार उभं राहिलं. किंचित झुकलेलं होतं, पण कंपनीत बरेच लोक तसे उभे असतात.

वर्षा मॅडम दुपारच्या आत आल्या. पन्नाशीच्या, साध्या साडीतल्या, खोडाळ्याच्या रस्त्याने हाडं खिळखिळी झालेल्या. मुदस्सर साहेबांनी पुष्पगुच्छ दिला. मॅडमनी तो घेतला, चंदनाकडे वळून हळूच काही विचारलं, आणि चंदनाने निळ्या दाराकडे बोट केलं.

मॅडम आत गेल्या. दार ओढून घेतलं. तारेने बांधलेलं दार एकदा कुरकुरलं, खाली बसलं आणि चौकटीत असं रुतलं, की जणू ते पुरातन काळापासून तिथेच होतं.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. “अहो, हे उघडत नाहीये.”

साहेबांनी ढकललं. चाचांनी ओढलं. उमेशने खांदा लावला. दार हललं नाही. मोर मात्र सगळ्यांकडे बघत होता.

“पहार आण!” चाचा ओरडले. पहार लावली तशी आतल्या बाजूने प्लॅस्टरचा एक पोपडा सुटून पडला आणि मॅडम किंचाळल्या.

“थांबा!” उमेश म्हणाला. “वरची वीट सुटलीय. भिंत त्यांच्या डोक्यात येईल.”

“ग्राइंडरने बिजागरी कापली की दो मिनिट का काम,” चाचा म्हणाले. ग्राइंडर त्यांनी आणला होता. त्याची वायर त्यांनी हातात धरली, प्लगकडे पाहिलं, मग उमेशकडे पाहिलं.

वीज नव्हती.

इथून पुढचा वेळ उमेशच्या नोकरीतला सगळ्यात लांब वेळ. भिकाला फोन लावला तर रेंजबाहेर. पोशेऱ्याच्या त्या वळणावर रेंज म्हणजे देवाची कृपा. कधी आंब्याखाली मिळते, कधी वर कातळावर. चंदना भिकाला गाठायला स्कूटीला किक मारून निघाली. बाकीचे दारापुढे उभे राहिले.

फागीबाईने सूत्रं हाती घेतली. दाराला तोंड लावून म्हणाली, “बाय, घाबरू नको. दार मजबूत हाय. मी बघूनच घेतलाय.”

“ते कळलं,” आतून मॅडम म्हणाल्या.

“वारा येतो का?”

“वर फट आहे.”

“मंग बस. भूक लागली तर फटीतून भाकर देते.”

मुदस्सर साहेब घामाघूम झाले होते. आपली बढती, आपली बदली, आपले उरलेले केस, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी उमेशला बाजूला घेतलं.

“वारघडे, लाईन चालू करा.”

“परमिट आहे साहेब.”

“फांदी तोडायला कितीसा वेळ लागतो? एव्हाना काम झालं असेल. तो कुठेतरी चहा पीत बसला असेल.”

“असेल.”

“मग?”

“सांगितलं नाही त्याने.”

“अहो, दोन मिनिटं! बिजागरी कापायची, परत बंद करायची.”

उमेश वळला. तो केबिनमध्ये गेला आणि पोशेऱ्याच्या बटणापुढे, लाल पाटीसमोर, खुर्ची टाकून बसला. शूर दिसत नव्हता तो. पोट सुटलेला, शर्टाला प्लॅस्टर लागलेला, एका चपलेचा अंगठा तुटलेला. साहेब मागोमाग आले.

“मी तुमचा वरिष्ठ आहे. मी सांगतोय. जबाबदारी माझी.”

“साहेब, तुम्ही जबाबदारी घ्याल,” उमेश म्हणाला, “पण करंट तो घेईल.”

साहेब उभे राहिले तसेच. वाईट माणूस नव्हता तो. फक्त दारामागे त्याचा वरिष्ठ होता आणि खांबावर कनिष्ठ, आणि अशा वेळी कोणाकडे बघायचं हे कॉलेजात शिकवत नाहीत.

आतून मॅडमचा आवाज आला. चढलेला. “काय चाललंय? लाईट का देत नाही?”

“मॅडम, ऑपरेटर ऐकत नाहीये!” साहेब ओरडले.

“त्याचं नाव काय?”

“वारघडे!”

“वारघडे, चालू करा!” मॅडम म्हणाल्या. दोघांच्या मध्ये भिंत होती, दार होतं आणि मोर होता, तरी हुकूम स्पष्ट ऐकू आला.

उमेशच्या डोळ्यांपुढे गडचिरोलीचा नकाशा उभा राहिला, आणि त्यावर रंजना नव्हती. त्याने घाम पुसला. “येतोय मॅडम, त्याचा फोन येतोय,” एवढंच म्हणाला. फोन येत नव्हता. खिडकीतून माळ दिसत होता, त्यापलीकडे नागलीची शेतं, आणि पोशेऱ्याचा रस्ता. रस्त्यावर कोणी नव्हतं.

दारापाशी मात्र कार्यक्रम सुरू झाला होता. आत बसून करणार काय, म्हणून मॅडमनी फागीबाईलाच विचारायला सुरुवात केली.

“आजी, तुम्ही कंपनीत आहात का?”

“नाय ग. मी दारात हाय.”

“लाईटचा त्रास आहे का तुमच्या गावाला?”

“हाय ना. पावसात जाते. पन ती पोरं येतात, भर पावसात खांबावर चढतात. आमी खालून बोंबलतो, लवकर कर. एकदा एक पोऱ्या वरून म्हनला, आजी, खाली तू भिजतेस, मी वर भिजतो, पन मना भिजून तारेला हात लावायचा हाय. तवापासून मी बोंबलत नाय.”

मग फोन वाजला. उमेशने तो झटकन कानाला लावला.

“उमेशदादा, भिका बोलतो.”

“पूर्ण नाव.”

“आता काय सांगतोस! भिका लक्ष्मण भोये.”

“बोल.”

“पोशेरा परत. मी खाली हाय, हेल्पर खाली हाय, शिडी खाली हाय, तारेचा अर्थिंग काढला. लाईन घे.”

“परत एकदा सांग.”

भिकाने परत सांगितलं, या खेपेला जरा वैतागून. उमेशने लाल पाटी काढली, बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण चढली. पंखा फिरला. बाहेर चाचांचा ग्राइंडर किंचाळला, आणि थोड्याच वेळात दार सुटून फागीबाईच्या अंगावर आलं. तिने ते दोन्ही हातांनी झेललं, पदराने मोर पुसला, मग आत बघून म्हणाली, “ये बाय.”

मॅडम बाहेर आल्या. केसांत प्लॅस्टर, साडीला चुना. मुदस्सर साहेब पुढे झाले. “मॅडम, झाल्या प्रकाराबद्दल वारघडेवर कारवाई…”

मॅडमनी हात वर केला. “इथे दार का नव्हतं?”

तेवढ्यात स्कूटी आत आली. चंदना उतरली, मॅडमना सुखरूप बघून सुस्कारा टाकला आणि उमेशला म्हणाली, “दादा, मी पोचले तेव्हा भिका खांबावरच होता. फांदीपलीकडे आणखी एका ठिकाणी तार तुटली होती. दोन्ही हातांत तार धरून जोडत होता.”

मुदस्सर साहेब खुर्ची शोधत होते. खुर्ची नव्हती, म्हणून ते पायरीवर बसले. बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

“दार का नव्हतं?” मॅडमनी परत विचारलं. या वेळी चंदनाला.

चंदनाने साहेबांकडे पाहिलं, उमेशकडे पाहिलं. मग म्हणाली, “मॅडम, मला या नोकरीत सगळं आवडतं. पॅनेल आवडतं, गाव आवडतं, पगार आवडतो. फक्त तहान लागली की भीती वाटते.”

मॅडमना ते कळायला वेळ लागला नाही. त्या नुकत्याच तिथून आल्या होत्या.

“शेख,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, पाठपुरावा चालू आहे,” साहेब पायरीवरूनच म्हणाले. “फक्त दार कोणत्या विभागात येतं, ते ठरत नाहीये.”

“हे दार परत बसवता येईल?” त्यांनी चाचांना विचारलं.

“दोन टाके मारले की पक्कं,” चाचा म्हणाले.

“माझा दार!” फागीबाई म्हणाली.

“थोडाच वेळ आजी. शेख, तुम्ही आत बसा. हे दार बसवतील. विभाग ठरला की आतून हाक मारा, आपण उघडू.”

विभाग तिथल्या तिथे ठरला. नवं दार पुढच्या बाजारच्या दिवसाआधी बसेल असं साहेबांनी स्वतःच्या आईची शपथ घेऊन सांगितलं, आणि चाचांना तिथेच माप घ्यायला लावलं. चाचांनी विचारलं, मोर घालू का. चंदना म्हणाली, नको, आतून भक्कम कडी घाला.

फागीबाईचं दार पिकअपमध्ये चढलं. ती दाराशेजारी बसली आणि जाताना मॅडमना म्हणाली, “खोडाळ्याला आलीस तर ये. न्हाणीला दार हाय माझ्या.”

मग मॅडम केबिनमध्ये आल्या. उमेश उभा राहिला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही, स्वतःही बसल्या नाहीत. बटणांकडे बघत राहिल्या.

“वारघडे, मी तुम्हाला हुकूम दिला होता.”

“हो मॅडम.”

“मी आत अडकले होते. वीट पडत होती. माझा आवाज ऐकू येत होता ना तुम्हाला?”

“येत होता मॅडम,” उमेश म्हणाला. “म्हणून तर तुमची काळजी नव्हती. खांबावरच्या भिकाचा येत नव्हता.”

दारात मुदस्सर साहेब येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, गाडी काढायला सांगू? अंधाराआधी घाट उतरलेला बरा.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, खिडकीकडे, पोशेऱ्याच्या रस्त्याकडे तोंड करून. “तो भिका येऊ दे. त्याला बघून जाते.”